आधी काटा बघा

म्हाळाप्पाअण्णांना खाकी शर्टात परत बघितलं, तेव्हा माझ्या हातातली वाटी पडता पडता राहिली. माणसाला रिटायर होऊन वर्षं लोटली होती. वाटीत शेंगाची चटणी होती, कलावती वहिनींसाठी नेलेली. त्यांचं दार दिवसभर उघडंच असतं. मी आपली "वहिनी, ओ वहिनी" करत आत गेले आणि उंबऱ्यातच थबकले.

हॉलच्या मधोमध अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेले. अंगात खाकी, खिशाला बिल्ला. समोरच्या टेबलाला एक स्टिअरिंग आवळून बसवलेलं, पायाशी पेडल, आणि स्टिअरिंगला चक्क लिंबू-मिरची बांधलेली. भिंतीजवळच्या मोठ्या पडद्यावर रस्ता पळत होता, झाडं मागं जात होती. खाटेवर वहिनी शेंगा फोडत बसलेल्या, जसं काही घरात रोजच मोटार चालते.

"अक्का, मधी उभ्या राहू नका," अण्णा गाडी थांबवून, मागं न बघता म्हणाले. "उभं प्याशिंजर घेत न्हाय आपण. बसून घ्या."

मी बसले. काय करता! वहिनींनी चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर टिंग-टिंग केलं आणि थांबलेली गाडी सुटली.

"हे काय हो वहिनी?" मी हळूच विचारलं.

"गेम हाय म्हणं. रूपालीनं दिलीया. बेल दिल्याबिगर गाडी हलवत न्हाईत, मग माझं काम वाडलं की. शेंगा फोडू का कंडक्टर होऊ?"

रूपाली ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं स्वतःसाठी नवीन मशीन घेतलं आणि जुनं, म्हणजे जुनं कसलं, आमच्या डोळ्यांना विमानच, ते बापाला आणून दिलं. दुपारी माणूस घरात नुसता येरझाऱ्या घालतो, त्यापेक्षा बस तरी चालवेल, असा तिचा हिशेब.

अण्णांची ओळख सांगायची राहिलीच. आमची गल्ली अशोक चौकाच्या पलीकडची, कोपऱ्यावर टॉवेलचे माग आहेत, सकाळपासून खटखट चालू. अण्णा मूळचे तिकडं सांगोल्याच्या बाजूचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर लागले आणि सगळी नोकरी बार्शीच्या नाहीतर मोहोळ-टेंभुर्णीच्या रस्त्यावर काढली. रिटायर झाल्यावर एक व्हॅन घेतली आणि गल्लीतली पोरं शाळेला न्यायला लागले. माझी नात ईश्वरी त्याच गाडीत जायची. ड्रायव्हरशेजारची खिडकी तिची, त्यावर कुणी बसायचं नाही. आम्हा बायांना त्या व्हॅनची एवढी खात्री होती की पोरगं एकदा आत बसलं की आम्ही वळून बघायचोही नाही.

अण्णांचं एक वाक्य होतं. "आधी काटा बघा, मग गाडीला नाव ठेवा. आन् काटा सरळ असंल, तर डायवर बघा." दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचंच. माझा कुकर शिट्टी देईना, मी कुकरला शिव्या घालत होते, तर हे दारातून म्हणाले, "अक्का, काटा बघा," आणि खरंच, गॅसची टाकी संपत आली होती. वहिनींना चक्कर आली तर घरात पळापळ, आणि हे आधी बीपीचं मशीन शोधतायत. "अंदाजानं गोळी न्हाय द्यायची. किती हाय ते बगू."

वहिनी एक गोष्ट नेहमी सांगायच्या. वैरागच्या अलीकडं एकदा गाडीच्या तापमानाचा काटा चढला. भर उन्हाळा, गाडी खचाखच, आणि आत नवरदेवासकट अख्खं वऱ्हाड. दुसरा ड्रायव्हर असता तर पुढच्या स्टँडपर्यंत रेटली असती. अण्णांनी बाभळीच्या सावलीत गाडी उभी केली आणि खाली उतरले. लोक ओरडायला लागले, "मुहूर्त टळतोय, ड्रायव्हर!" हे शांत. "मुहूर्त दुसरा निगंल. इंजिन बसलं तर दुसरं कुटनं आणू?" इंजिन निवल्यावर पाणी हवं होतं. विहीर शेताच्या टोकाला. शेवटी नवरदेव स्वतः मुंडावळ्या कानामागं सारून घागर घेऊन आला. लग्न उशिरा लागलं पण लागलं, आणि तो नवरदेव पुढं दर दिवाळीला अण्णांना फराळाचा डबा पाठवायचा.

दुसरी एक गंमत होती, त्यांची उजवी चप्पल. ती पायातून निसटायची आणि अण्णा तसेच पुढं चालत जायचे. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि साहेबांना पत्ताच नाही! व्हॅनमधली पोरं मागून ओरडायची, "अण्णा, तुमचं एक प्याशिंजर खाली राहिलं!" मग हे मागं वळायचे, चपलेकडं बघायचे आणि म्हणायचे, "तिकीट न काडता उतरली की गं ही." पोरं खिदळायची. आम्ही पण हसायचो. त्यात हसण्यासारखंच होतं, असं वाटायचं तेव्हा.

तर ती गेम. अण्णा रोज दुपारी जेवून खाकी चढवायचे आणि एक फेरी मारायचे. स्टिअरिंगला नमस्कार, वहिनींची बेल, मग सुटायचं. मीही माझं दळण-निवडण घेऊन तिथं जाऊन बसायला लागले. खोटं कशाला बोलू, मजा यायची. घाटातलं वळण आलं की मी सूप सोडून खाटेची कड धरायची.

एका दुपारी काय झालं, गाडी बाजारातून चालली होती आणि चित्र मध्येच अडकलं. अगदी तसंच, थिजल्यासारखं. आणि सुटलं तेव्हा बस थेट चहाच्या टपरीत घुसलेली, माणसं आडवी. अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले.

"कलावती, माझ्या हातनं कदी कोंबडी मेली न्हाय गं."

"अवो, चित्रातली माणसं ती."

"चित्रातली असूंदे. हात माझा हाय की."

त्या दिवसापासून त्यांनी एकच घोकायला सुरुवात केली, हात गेला, हात गेला. पाण्याचा तांब्या उचलून हात थरथरतो का बघायचे. माझ्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवला, आणि ओवला की पहिल्या झटक्यात! तरी समाधान नाही. सकाळी व्हॅन काढताना मात्र मी त्यांना पहिल्यांदाच स्टिअरिंगला बराच वेळ हात जोडून उभं राहिलेलं बघितलं.

वहिनींनी रूपालीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच होते.

"अण्णा, हात-बित काही नाही, मशीन अडकतंय," रूपाली म्हणाली.

"तुला पुण्यात बसून दिसलं व्हय?"

"अहो असं होतं. ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, ते बदलून टाकू."

"कशावरनं कार्ड? काटा बगितलास?"

पलीकडं पोरगी हसली. "तुमचीच शिकवण विसरले बघा. येते शनिवारी, काटाच बसवते."

आली, आणि तिनं पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकडे आणून बसवले. मला तिनं बोट ठेवून एकेक समजावला. हा प्रोसेसर किती तापलाय, हा त्याचा वेग. हे ग्राफिक्स कार्डाचं तापमान. हा आकडा म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतायत. खाली एक रेघ पळत होती. चित्रं वेळच्या वेळी निघाली की रेघ सपाट, एखादं रखडलं की रेघेला सुळका. शेजारी दोन उभ्या पट्ट्या. हिरवी ॲक्सिलरेटरची, तांबडी ब्रेकची. पाय दाबला की पट्टी वर.

अण्णांचे डोळे असे चमकले की काय सांगू. माणूस रस्ता बघायचं विसरला, नुसता कोपराच बघतोय. "आता कसं! आता ही गाडी बोलती."

रूपालीचा हात सारखा शिवशिवत होता, हे बंद करू का, ते कमी करू का. अण्णांनी तिला कशाला हात लावू दिला नाही. "एक बी बदलायचं न्हाय. त्योच रस्ता, तीच टपरी. बिगडूंदे तिला. बिगडताना कोण हललं ते बगू." आम्ही सगळ्या बायका श्वास धरून आकड्यांकडं बघत बसलो. कार्डाचा आकडा जागच्या जागी. प्रोसेसरचं तापमान मात्र चढत चाललं, नव्वदच्या वर गेलं, आणि बाजार यायच्या आत त्याचा वेग धपकन खाली. रेघेला हा एवढा सुळका. चित्र थिजलं.

"इंजिन तापलं!" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "पिकप सोडला तिनं! बोनेट उगडा!"

आता बोनेट म्हणजे टेबलाखालचा डबा. आणि डबा कुठं होता? दिसतच नव्हता. वहिनींनी त्याच्यावर मोराची नवीकोरी चादर चौपदरी घालून चारी बाजूंनी खोचली होती.

रूपालीनं कपाळाला हात लावला. "आई! हे काय?"

"मागाची धूळ किती येती गं हितं. एवढी म्हागाची वस्तू, उगडी ठिवू व्हय? सोलापुरात ऱ्हाऊन चादर न्हाय मिळाली म्हणतील लोक."

चादर काढली, डब्याची बाजू उघडली आणि आम्ही चौघंही "अगं बया!" करून मागं सरलो. पंख्याच्या मागं कापसाची गादीच बसलेली. मागाचा सगळा तंतू चादरीखालच्या फटीतून आत जाऊन तिथं जमला होता, करडा, दाट. बोटानं धरून ओढला तर सलग निघाला.

"एवढ्यात लेकराचं दुपटं झालं असतं की," वहिनी म्हणाल्या, आणि मग हसून हसून आमची पोटं दुखली. सगळ्यात जास्त अण्णा हसले. डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. हात गेला नव्हता! त्यांनी तिथंच वहिनींकडून साखर मागून घेतली आणि आमच्या तोंडात घातली.

ब्रशनं साफ केलं, डबा उंच स्टुलावर ठेवला, चादर गेली कपाटात. पुन्हा सुरू केलं. तापमान सत्तरच्या आसपास थांबून राहिलं. खालची रेघ अशी सपाट, जशी काही इस्त्री केलीय. वहिनींची बेल. गाडी निघाली. बाजार आला, टपरी आली, टपरी मागं गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टपरीच्या पुढं शाळा होती. पांढऱ्या पट्ट्यांवरून एक पोरगी रस्त्यात आली, दप्तर घेतलेली.

गाडी तिच्यावरून गेली.

माझ्या टाळ्या हातातच राहिल्या. वहिनी तोंडावर पदर घेऊन बसल्या.

रूपाली घाईघाईनं म्हणाली, "पेडलची सेटिंग असेल अण्णा, किंवा गेममध्येच काहीतरी—"

"काटा बग," अण्णा म्हणाले.

त्या मशीनवर झालेलं मागं नेऊन परत बघता येतं. तिनं हळूहळू नेलं. तापमान जागेवर. वेग जागेवर. रेघ सपाट. पोरगी रस्त्यात आली. गाडी पुढं. पोरगी मध्यावर. गाडी पुढं. आणि मग कुठं ती तांबडी पट्टी वर चढली.

"मी तर दाबला की," अण्णा म्हणाले. "तवाच दाबला. मला वाटलं दाबला."

कोपऱ्यावरचे माग तेवढे खटखट करत होते.

मग अण्णांनी जे केलं ते मी जन्मात विसरायची नाही. ते म्हणाले, डेपोत एखादा ड्रायव्हर सारखी एकाच गाडीची तक्रार करायला लागला, आणि वर्कशॉपला काही सापडेना, की तीच गाडी त्याच रस्त्यावर दुसऱ्या ड्रायव्हरकडं द्यायचे. तक्रार राहिली तर गाडीत खोट. तक्रार गेली तर... ते खुर्चीतून उठले.

"कलावती, बस."

"मी? मला शायकल येत न्हाय वो!"

"बस म्हंतो ना. स्टेरिंग रूपाली धरंल. तू नुसता ह्यो ब्रेक. पोरगी दिसली की दाब."

वहिनी पदर खोचून बसल्या. पायाखाली पेडल सापडेना, म्हणून आधी वाकून हातानं चाचपलं. एरवी आम्ही किती हसलो असतो! शाळा आली, पोरगी आली, वहिनी "आई गं!" करून किंचाळल्या आणि तांबडी पट्टी टोकाला जाऊन टेकली. गाडी पोरीच्या अलीकडं उभी. परत लावलं. परत उभी. मग रूपाली बसली, तिचीही उभी. मग अण्णा बसले, आणि ह्या वेळी पोरगी येणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी पट्टी मागनंच आली.

त्यांनी आपल्या उजव्या पायाकडं बघितलं. परक्या माणसाकडं बघावं तसं.

मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, अहो खेळ तो. खेळावरनं कुणी असं मनाला लावून घेतं का?"

"अक्का," ते म्हणाले, "परवा सोमवारी ईश्वरी बसती की माज्या गाडीत."

तोवर माझ्या डोक्यात ती पोरगी चित्रातलीच होती. एका क्षणात तिला माझ्या नातीचं दप्तर आलं, तिच्या दोन वेण्या आल्या. मी उठून घरी गेले आणि झोपलेल्या ईश्वरीच्या पायाशी नुसती बसून राहिले.

सोमवारी व्हॅन निघाली नाही. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारोदार गेले आणि प्रत्येक आईबापाला स्वतः सांगितलं. कुणाला पटेना. एक जण तर म्हणाला, "अण्णा, कॉम्प्युटरवरच्या मोटारीपायी खरी मोटार सोडता? डोकं फिरलं का तुमचं?" अण्णा एवढंच म्हणाले, "काटा सरळ हाय, साहेब."

रूपालीनं सुट्टी वाढवून त्यांना डॉक्टरकडं नेलं. वहिनींसोबत मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून तळव्याला टाचणी टोचली. "कळतंय?" अण्णा म्हणाले, "टोचा की आधी." बाईंनी टोचून झालं होतं. साखर वाढलेली, कधीपासून कोण जाणे, आणि तिनं पायाची जाणीव खाल्लेली. अण्णांनी आयुष्यात सगळे काटे बघितले, रक्तातल्या साखरेचा तेवढा कधी बघितला नव्हता. मग बाईंनी अगदी सहज विचारलं, "चालताना चप्पल निसटते का हो?"

मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी माझ्याकडं. रूपाली भिंतीकडं बघत होती.

व्हॅन त्यांनी रशीदभाईंकडं दिली. डेपोच्या वर्कशॉपमध्ये अण्णांच्या गाडीखाली अर्धं आयुष्य काढलेला माणूस. "अण्णा, तुमच्या गाडीचा ब्रेक मीच बांधायचो, आता दाबतो पण मीच," असं म्हणाले आणि लगेच जीभ चावली. अण्णा हसले मात्र. ते स्वतः शेजारच्या सीटवर बसायला लागले. पोरं चढवायची, उतरवायची, दार लावलं का बघायचं. ईश्वरीनं आपली खिडकी त्यांना देऊन टाकली, न मागता. आणि बेल द्यायचं काम आता अण्णांचं. दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्याशिवाय रशीदभाई गाडी हलवायचे नाहीत.

शाळांना सुट्ट्या लागल्यावर रूपाली दोघांना पुण्याला घेऊन गेली, पायाच्या उपचारासाठी. घर आता बंद असतं. त्याआधी एकदा ईश्वरीच्या शाळेत कार्यक्रम होता म्हणून मी त्याच व्हॅनमधून गेले, मागच्या सीटवर. तिथून पुढच्या दोन सीटांमधलं सगळं दिसतं.

मागांच्या शेडपाशी एक शेरडू एकदम आडवं आलं. रशीदभाईंनी करकचून ब्रेक मारला. पोरं एकमेकांवर आदळली. मी खाली बघितलं. गाडी थांबली, शेरडू उडी मारून गेलं, आणि मग अण्णांचा उजवा पाय, त्यातली चप्पल कधीच निसटलेली, समोरच्या रिकाम्या पत्र्यावर घट्ट दाबला गेला.

त्यांनीही ते बघितलं. मान वळवली, माझी नजर त्यांना सापडली. काहीतरी बोलतील असं वाटलं मला.

त्यांनी हात खिडकीबाहेर काढला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.